गावाच्या इतिहासाचे पुस्तक: वाचनापासून लेखनापर्यंत

आपल्या गावाचा इतिहास लिहून काढावा असे वाटणारी माणसे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, ग्रंथपाल किंवा देवस्थानाचे विश्वस्त ही जबाबदारी अंगावर घेतात आणि मनापासून पार पाडतात. तरीही अशा अनेक पुस्तकांचा पहिला तिसरा हिस्सा सातवाहनांपासून पेशवाईपर्यंतच्या सर्वसाधारण इतिहासात खर्ची पडतो. तो मजकूर वाचकाला शालेय पुस्तकातही मिळाला असता. त्या एका गावाविषयीचे, इतर कोठेही न मिळणारे, नंतरच्या पानांत घाईने उरकलेले असते. याचे कारण लेखनशैलीत नसून त्याआधीच्या वाचनात आणि टिपणांत असते, आणि म्हणून या मार्गदर्शनाचा मोठा भाग वाचनाविषयी आहे.

प्रश्न ठरवणे

‘आमच्या गावाचा इतिहास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषय घेऊन वाचायला बसले की सगळेच उपयोगी वाटते आणि वह्या भरतात, पण पुस्तक पुढे सरकत नाही. त्याऐवजी चार-पाच नेमके प्रश्न लिहून काढावेत. गावचा आठवडी बाजार कोणत्या काळात वाढला आणि कशामुळे? पाटीलकी कोणत्या घराण्यांत होती आणि तिच्यावरून तंटे झाले का? शाळा कधी निघाली, आणि तिच्यात मुली व दलित मुले कधीपासून दिसू लागतात? दुष्काळात किंवा साथीत किती कुटुंबे गाव सोडून गेली आणि कोठे स्थिरावली? असे प्रश्न हाताशी असले की कोणते पुस्तक सगळे वाचायचे आणि कोणत्याची चारच पाने पाहायची, हे आपोआप ठरते.

आधी कोश, मग ग्रंथ, मग कागद

वाचनाची सुरुवात संदर्भग्रंथांपासून करावी. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, मराठी विश्वकोश आणि सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे चरित्रकोश यांतून व्यक्तींची, घराण्यांची आणि ठिकाणांची प्राथमिक ओळख होते. त्यानंतर जिल्ह्याच्या गॅझेटिअरकडे, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाकडे, वळावे. मुंबई इलाख्याची गॅझेटिअरे जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली निघाली: रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड 1880 चा, नाशिकचा 1883 चा, सोलापूरचा 1884 चा, पुणे व साताऱ्याचे 1885 चे आणि कोल्हापूरचा 1886 चा आहे. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटिअरे संकेतस्थळावर उपलब्ध करून दिली आहेत. त्यातील ठिकाणांच्या प्रकरणात आपले गाव वर्णानुक्रमे शोधून थांबणे ही सर्वसाधारण सवय आहे. पण गावाचे नाव त्या प्रकरणात नसले, तरी व्यापार, रस्ते, शेती आणि जमीनमहसूल या प्रकरणांत ते अनेकदा ओझरते येते, आणि आपल्या प्रश्नांना तेच जास्त उपयोगी पडते.

गॅझेटिअर वाचताना ते कोणी व कशासाठी लिहिले, हे क्षणभरही विसरू नये. महसूल गोळा करणाऱ्या आणि बंदोबस्त ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांची ती दृष्टी आहे. बाजारात किती गाड्या येत किंवा नदीला उतार कोठे होता, याबाबत तिचा भरवसा बऱ्याच अंशी धरता येतो. मात्र एखाद्या जातीला ‘आळशी’ किंवा ‘गुन्हेगार’ ठरवणारी विधाने त्या राजवटीचा पूर्वग्रह म्हणूनच वाचावीत. ती गावाचे वर्णन म्हणून आपल्या पुस्तकात उतरवणे हा अन्याय आहे.

ललितेतर पुस्तक वाचण्याची एक साधी शिस्त आहे. प्रथम प्रस्तावना, अनुक्रमणिका, संदर्भसूची आणि शब्दसूची पाहावी. लेखकाने कोणती साधने वापरली आणि कोणती वापरली नाहीत, हे त्यावरून कळते, आणि पुढच्या वाचनाची यादीही तेथेच सापडते. अनेक जुन्या मराठी पुस्तकांना शब्दसूची नसते. अशा वेळी आपल्या प्रश्नांशी संबंधित नावे व पृष्ठांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जावे. त्यानंतर संबंधित प्रकरणे दोनदा वाचावीत: पहिल्यांदा लेखकाचे म्हणणे समजण्यासाठी, दुसऱ्यांदा त्या म्हणण्याला आधार काय दिला आहे हे तपासण्यासाठी. तीन लेखक एकच गोष्ट सांगत असतील आणि तिघांचाही आधार एकाच चौथ्या पुस्तकात असेल, तर ते तीन पुरावे नसून एकच पुरावा आहे.

ग्रंथांनंतर कागद. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर, 1910 मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, तसेच मुंबई आणि कोल्हापूरची अभिलेखागारे ही पश्चिम महाराष्ट्रातील गावांसाठी मुख्य ठिकाणे आहेत. मराठवाड्यातील गावांचे जुने कागद निजामाच्या राजवटीमुळे फारसी व उर्दूतही सापडतात. विदर्भासाठी मध्य प्रांत व वऱ्हाडची गॅझेटिअरे पाहावी लागतात, आणि गोव्यातील गावकरीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे, दप्तर पोर्तुगीज भाषेखेरीज पुरते उलगडत नाही. पेशवेकालीन कागद बहुतेक मोडी लिपीत आहेत. मोडी शिकणे कठीण नाही. तिचे वर्ग नियमितपणे भरतात, आणि ज्याला गावाच्या इतिहासावर खरोखर काम करायचे आहे त्याने ती शिकावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. दुसऱ्याकडून लिप्यंतर करून घेतले, तर कोणता कागद महत्त्वाचा आहे हेही तोच ठरवतो.

कालगणनेकडे विशेष लक्ष द्यावे. शके वर्षात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींसाठी 79 मिळवावे लागतात. मराठी कागदांत सुहूर सन ही आणखी एक कालगणना अरबी संख्याशब्दांत लिहिलेली असते. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, अर्थात 1075. सुहूर वर्ष मृगाला सुरू होत असल्याने त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 आणि त्यानंतर 600 मिळवतात. म्हणून 1075 हे वर्ष 1674 च्या मृगापासून 1675 च्या मृगापर्यंत चालते. हा हिशेब प्रत्येक वेळी टिपणाच्या कडेला मांडून ठेवावा आणि मूळ कालोल्लेखही तसाच उतरवावा, कारण रूपांतरात चूक झाली तर ती पुढच्या वाचकाला दुरुस्त करता आली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकानंतरच्या काळासाठी गावातच आणि तालुक्याला विपुल सामग्री असते: फेरफार नोंदी, इनामपत्रके, जन्ममृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, सोसायटीची इतिवृत्ते. जनगणनेचे आकडे दशकांच्या ओळीने मांडावेत. अनेक गावांत 1901 आणि 1921 या वर्षी लोकसंख्या घटलेली दिसते. त्यामागे 1899-1900 चा दुष्काळ, प्लेग किंवा 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ आहे का, हे कोतवाल बुकातील मृत्यूंच्या नोंदींशी ताडून पाहावे. आकडा आणि नोंद जेथे जुळतात, तेथे एक भक्कम प्रकरण उभे राहते. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड) आणि शिलालेख यांचे छायाचित्र तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी घ्यावे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत ऑइलपेंट भरू नये. वीरगळावर लेख नसेल, तर केवळ त्याच्या असण्यावरून एखाद्या विशिष्ट लढाईचे नाव जोडण्याचा मोह टाळावा.

माणसांकडून ऐकणे

वृद्धांच्या आठवणींत वर्षे क्वचितच नेमकी असतात, पण प्रसंगांचा क्रम बऱ्याचदा पक्का असतो. म्हणून ‘कोणत्या साली?’ असे विचारण्यापेक्षा ‘कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?’ असे विचारावे. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. पुणे परिसरात 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर, सर्वत्र 1972 चा दुष्काळ, लातूर-धाराशिव भागात 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप अशा खुणांनी आठवण कालक्रमात बसवता येते.

कोणाला विचारायचे, यावर पुस्तकाचा खरेपणा ठरतो. वाड्यावर आणि देवळाच्या पारावर ऐकलेला इतिहास हा गावाचा एक भाग आहे. माहेरून आलेल्या सुनांना पाण्याच्या वाटा, साथी, बाळंतपणे आणि स्थलांतरे यांविषयी जे ठाऊक असते, ते कोणत्याही दप्तरात नसते. गावकुसाबाहेरच्या वस्तीत 1956 च्या धम्मदीक्षेनंतर गावकीची कामे कशी सुटली, आणि 1958 च्या कायद्याने महार वतने (गावकीच्या कामाच्या मोबदल्यातील वंशपरंपरागत हक्क व जमिनी) रद्द झाल्यावर जमिनी कोणाच्या नावावर आल्या, हे तेथेच बसून, आदराने आणि परवानगीने विचारावे लागते. ध्वनिमुद्रणाआधी संमती घ्यावी, आणि नाव छापायचे की नाही हे सांगणाऱ्याला ठरवू द्यावे.

टिपण: पुस्तकाचा पाया

एका कागदावर एकच माहिती लिहावी. वर साधनाचे नाव, खंड, पृष्ठ किंवा रुमाल (दफ्तरातील कागदांचे गाठोडे) क्रमांक, पाहिल्याची तारीख, खाली मजकूर. मजकूर तीन प्रकारचा असतो आणि तिन्ही प्रकार डोळ्यांना वेगळे दिसले पाहिजेत: साधनातील शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत, त्यांचा आपण केलेला सारांश अवतरणाविना, आणि स्वतःचा तर्क चौकटीत किंवा वेगळ्या शाईने. सहा महिन्यांनी टिपण हाती येते तेव्हा हे तीन प्रकार मिसळलेले असतील, तर आपलाच तर्क पुरावा म्हणून छापला जातो, आणि दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून. संगणकावर टिपणे ठेवणाऱ्यांनीही हीच विभागणी पाळावी.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडशः छापण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांचा आग्रह समकालीन पत्रांवर होता आणि नंतर लिहिलेल्या बखरींकडे ते कठोरपणे पाहत. गावाच्या पुस्तकालाही तीच कसोटी लावावी: घटनेच्या वेळचा कागद, नंतरची आठवण आणि त्याहून नंतरची दंतकथा यांचे वजन सारखे नसते. दंतकथा वगळू नये. ती लोकांनी का जपली हाही इतिहासच आहे. फक्त ती दंतकथा म्हणून सांगावी.

लिहिताना

समजा, वेशीजवळच्या बारवेविषयी तीन गोष्टी हाती आहेत. लोक ती अहिल्याबाईंनी बांधली असे सांगतात, 1885 च्या गॅझेटिअरात ती ‘जुनी’ एवढेच म्हटले आहे, आणि एका मोडी कागदात दुरुस्तीसाठी रक्कम दिल्याची शके 1711 ची नोंद आहे. ‘ही बारव अहिल्याबाईंनी बांधली असे म्हटले जाते’ असे लिहिणे सोपे आहे, पण त्यात कोण म्हणते आणि कशावरून, हे दोन्ही हरवते. त्याऐवजी असे लिहावे: ‘शके 1711 मध्ये, म्हणजे 1789-90 मध्ये, बारवेच्या दुरुस्तीसाठी रक्कम दिल्याची नोंद आहे; तेव्हा ती त्याआधीची असली पाहिजे. ती अहिल्याबाईंनी बांधली असे वेशीजवळची घरे सांगतात, मात्र तसा कागद आढळलेला नाही.’ वाक्य लांबले, तरी प्रत्येक विधान आपापल्या आधारावर उभे राहिले. ‘आहे’, ‘दिसते’, ‘असावे’ ही क्रियापदे मराठीने आपल्याला याच कामासाठी दिली आहेत, आणि ती तोलून वापरावीत.

प्रकरणे राजवटींनुसार पाडण्याचा हट्ट नको. पाणी, बाजार, जमीन, शाळा, देवस्थान, स्थलांतर अशी प्रकरणे गावाच्या जगण्याला अधिक धरून असतात. पहिले प्रकरण ज्या विषयाची टिपणे सर्वांत भरलेली आहेत त्याचे लिहावे, मग ते पुस्तकात कोठेही येवो. महाराष्ट्राचा इतिहास जेथे गावाला प्रत्यक्ष भिडतो, तेथेच तेवढा द्यावा. तळटीपा लिहितानाच घालाव्यात. शेवटी घालू म्हटले की अर्ध्या राहून जातात. एक नकाशा, घराण्यांची वंशावळ आणि शब्दसूची यांसाठी वेळ राखून ठेवावा.

कच्चा खर्डा गावातल्या किमान दोन विरुद्ध बाजूंच्या माणसांना वाचायला द्यावा, विशेषतः पाटीलकी, देवस्थानाचे मानपान आणि जमिनीचे वाद असलेली प्रकरणे. ते जो आक्षेप घेतील त्याचा पुरावा मागावा. पुरावा मिळाला तर मजकूर बदलावा, न मिळाला तर आक्षेप तळटीपेत नोंदवावा. दुसऱ्याची छायाचित्रे आणि मोठे उतारे वापरण्यास लेखी परवानगी लागते. भारतात लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची सरकारी गॅझेटिअरे मुक्तपणे उद्धृत करता येतात.

आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. त्यांच्याबरोबर एक संच गावच्या वाचनालयासाठी तयार करावा: पुस्तकाची प्रत, कागदांची छायाचित्रे, ज्यांनी संमती दिली त्यांची ध्वनिमुद्रणे आणि क्रमांक घातलेली सर्व टिपणे, न वापरलेल्या टिपणांसह.