राजवायूंची हॅलाइडे: आधी बंधांची बेरीज मांडा

झेनॉन, क्रिप्टॉन यांसारख्या, सहसा कशाशीही संयोग न पावणाऱ्या राजवायूंची फ्लुओरीन-क्लोरीनसारख्या हॅलोजनांशी झालेली संयुगे म्हणजे त्यांची हॅलाइडे. एम.एस्सी.ला किंवा नेट-सेटच्या तयारीत हा विषय हाती घेणाऱ्यांना रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांचा, झेनॉनचे संयुग घडवणारा 1962 मधील प्रयोग ठाऊक असतोच. ऑक्सिजन रेणूची आयनीभवन ऊर्जा, म्हणजे त्यातला एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, 12.07 आणि झेनॉनची 12.13 इलेक्ट्रॉन व्होल्ट. तेव्हा प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन काढून घेत असेल तर झेनॉनचाही घेईल, हा त्यांचा तर्क इतका देखणा आहे की पुढचे सारे आयनीभवन ऊर्जेवरच ठरते असे मनात पक्के बसते. मी नेमका इथेच बराच काळ अडलो होतो. झेनॉन तोच असताना त्याचे डायफ्लुओराइड (एका झेनॉनला दोन फ्लुओरीन) बाटलीत ठेवता येते आणि डायक्लोराइड मात्र 20 केल्व्हिनच्या (सुमारे उणे 253 अंश सेल्सिअस) आसपास गोठवलेल्या थरातच ओळखता येते, याचा उलगडा त्या दोन आकड्यांतून होत नाही.

तो हॅलोजनच्या स्वतःच्या बंधातून होतो. कागदावर मांडूनच पाहा. फ्लुओरीनचा रेणू तोडायला सुमारे 158 किलोज्यूल प्रति मोल लागतात. झेनॉन-फ्लुओरीन बंध सुमारे 133 चा, असे दोन झाले की 266 परत मिळतात, म्हणजे 108 ची कमाई. क्रिप्टॉन-फ्लुओरीन बंध जेमतेम 49 चा. दोन बंधांचे 98, म्हणजे 60 चा तोटा. क्लोरीनचा रेणू तोडायलाच 242 हवेत, आणि झेनॉन-क्लोरीनचे दुबळे बंध तेवढी भरपाई करूच शकत नाहीत. अष्टक (बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण म्हणून सगळेच अस्थिर, असे एका ओळीत उरकणाऱ्या क्लासच्या नोट्स माझ्या मते सरळ बाजूला ठेवाव्यात. ही बेरीज एकदा स्वतः केली की विषय वाटतो तितका अवघड राहत नाही.

मात्र ही बेरीज दिशा सांगते, वेग सांगत नाही. तोट्यातले क्रिप्टॉन डायफ्लुओराइड सामान्य तापमानाला विघटन पावते, पण उणे 78 अंश सेल्सिअसला, कोरड्या बर्फात, टिकवता येते; आणि त्याच्या दुबळ्या बंधांमुळेच ते सोन्याचेही ऑक्सिडीकरण करू शकते.

प्रयोगशाळेकडे वळणाऱ्यांना स्पष्ट सांगतो: कमाईतले संयुग म्हणजे निर्धोक संयुग नव्हे. झेनॉनचे टेट्रा- आणि हेक्साफ्लुओराइड ओलाव्याशी आले की झेनॉन ट्रायऑक्साइड तयार होते, आणि कोरडे झालेले ट्रायऑक्साइड जरा धक्क्यानेही फुटते. हेक्साफ्लुओराइड काचेलाही खाते, म्हणून निकेल किंवा मोनेलची (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) भांडी वापरतात आणि आत संरक्षक थर बसावा म्हणून ती आधी फ्लुओरीन वायूने मुरवून घेतात. हे कंटाळवाणे काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा मार्गदर्शक मिळाला तर त्याला सोडू नका. ओलाव्याशी आल्यावर हायड्रोजन फ्लुओराइडही सुटतो आणि त्याचा दाह कधीकधी तासाभराने जाणवतो; म्हणून अशा दाहावर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी आहे का, हे काम सुरू करण्यापूर्वी पाहावे.