दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेलात, तर निदान या चुका टाळा

फौजदारी न्यायालयात वकिली करताना मला सर्वाधिक कंटाळा कशाचा येत असेल, तर तो मद्यपान करून वाहन चालवल्याच्या खटल्यांचा. यात कायदा कंटाळवाणा नाही, तो वाचण्यासारखा आहे; कंटाळा येतो तो प्रत्येक नवा पक्षकार आदल्या पक्षकाराचीच चूक तितक्याच आत्मविश्वासाने करून येतो याचा. ही चूक बहुधा नाकाबंदीनंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत किंवा न्यायालयातल्या पहिल्या तारखेला झालेली असते, आणि वकील शोधला जातो तो त्यानंतर. प्यायल्यावर चावी हातात घेणे ही सर्वांत मोठी चूक आहे, हे सांगायला वकील लागत नाही, म्हणून पुढचे सगळे त्यानंतरच्या चुकांविषयी आहे.

आधी मूळ तरतूद पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे, किंवा चालवण्याचा नुसता प्रयत्न करणे, हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वा त्यापुढच्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. त्यापूर्वी दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत घडला तरच वाढीव शिक्षा होत असे. ती मुदत दुरुस्तीत काढून टाकली गेली, हे फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ‘ते प्रकरण फार जुने झाले’ असे म्हणत लोक निर्धास्त राहतात.

‘जागेवरच दंड भरून मोकळे होऊ’

होता येत नाही. वाहतुकीचे जे गुन्हे तडजोड शुल्क भरून रस्त्यावरच मिटतात, त्यांची यादी कलम २०० मध्ये आहे आणि कलम १८५ त्या यादीत नाही. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाणारच. लोक अदालतीत ते निकाली निघेल ही आशाही व्यर्थ आहे, कारण ज्या गुन्ह्यात तडजोडच होऊ शकत नाही त्यावर लोक अदालतीला अधिकार नसतो. उरला तिसरा मार्ग, म्हणजे नोटा पुढे करण्याचा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लाच देणाऱ्यालाही ७ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, तेव्हा ६ महिन्यांच्या गुन्ह्यातून सुटण्यासाठी ७ वर्षांचा गुन्हा करणाऱ्याच्या हिशेबाविषयी मी काही बोलत नाही.

फुंकायला नकार देणे

या चुकीवर मी अंमळ सविस्तर लिहिणार आहे, कारण ती प्यायलेल्या मेंदूतून येत नसून अर्धवट वाचनातून येते, आणि म्हणून सुशिक्षित माणसे ती अधिक करतात.

काही वर्षांपूर्वी एक तरुण अभियंता माझ्याकडे आला होता. रात्री पावणेबाराच्या सुमारास त्याला नाकाबंदीत थांबवले गेले, तेव्हा त्याने यंत्रात फुंकण्यास ठाम नकार दिला. त्याने मोबाइलवर दोन गोष्टी वाचल्या होत्या. पहिली अशी, की केवळ तोंडाला येणारा दारूचा वास आणि अडखळती चाल एवढ्यावरून नशा सिद्ध होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा निकाल आहे. आणि दुसरी अशी, की कलम २०२ नुसार अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर अटक केलेल्याला सोडावे लागते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची बेरीज करून त्याने काढलेला निष्कर्ष असा होता, की फुंकायचे नाही, रक्त द्यायचे नाही, हुज्जत घालून दोन तास काढायचे आणि घरी जायचे.

आता तोच कायदा त्याने न वाचलेल्या पानांवर काय सांगतो ते पाहा. श्वासचाचणीला नकार देणाऱ्याने मद्यपान केल्याचा वाजवी संशय असेल, तर नकारानंतर त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. अटकेनंतर पोलीस ठाण्यात त्याला पुन्हा एकदा श्वासचाचणीची संधी द्यावी लागते, आणि तिथेही त्याने नाकारले तर कलम २०४ खाली नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडे रक्ताचा नमुना देण्यास सांगता येते. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ नुसार पोलिसांच्या विनंतीवरून डॉक्टर आरोपीची तपासणी करतात, तेव्हा आवश्यक तेवढ्या वाजवी बळाचा वापरही होऊ शकतो. सर्वांत महत्त्वाचे कलम २०५. श्वास किंवा रक्त देण्यास नकार देण्यामागे वाजवी कारण दाखवता आले नाही, तर तो नकारच सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी आणि बचावाच्या पुराव्याला छेद देणारी परिस्थिती आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. १९७१ चा तो निकाल १९३९ च्या जुन्या मोटार वाहन कायद्याच्या काळातला आहे. १९८८ च्या कायद्यातले कलम २०५ त्याच्यासमोर नव्हते. दोन तासांचे म्हणाल, तर ती मुदत टळल्यास सुटका कोठडीतून होते, खटल्यातून होत नाही.

त्या अभियंत्याचा प्रत्येक नकार वेळेसह लिहिला गेला होता, त्यावर पंचांच्या सह्या होत्या, आणि त्याची हुज्जत एका हवालदाराने मोबाइलवर चित्रितही केली होती. उलटतपासणीत माझ्या हाती काहीच उरले नव्हते. मला आजही खटकते ते असे, की त्याच्याजवळच्या बिलावर एकाच लहान बाटलीची नोंद होती आणि ती संपवून त्याला बराच वेळ झाला होता. तो फुंकला असता तर आकडा कदाचित ३० च्या आत आला असता. स्वतःच्या बाजूचा एकमेव वैज्ञानिक पुरावा त्याने स्वतःच निर्माण होऊ दिला नाही.

माझा सल्ला साधा आहे. फुंका, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि यंत्रातून कागद निघत असेल तर त्यावरची वेळ लक्षात ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत खोकल्याचे औषध घेतले असेल किंवा मद्यार्कयुक्त द्रवाने गुळण्या केल्या असतील, तर ते तिथेच सांगून थोड्या वेळाने पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करा, कारण तोंडात उरलेला मद्यार्क साधारण पंधरा मिनिटांत नाहीसा होतो. रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसली गेली असेल, तर ते आठवणीत ठेवा. मी प्रत्येक पक्षकाराला दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मला भेटण्यापूर्वीच, एका कागदावर वेळा लिहायला लावतो: शेवटचा घोट, अडवणूक, फुंकणे, अटक, डॉक्टर. प्रकरणाचे कागद हाती आले, की कलमे बाजूला ठेवून मी आधी वैद्यकीय प्रमाणपत्रावरची वेळ त्या कागदाशी ताडून पाहतो. ही माझी सवय आहे, पद्धत म्हणून कोणी शिकवलेली नाही, परंतु या कागदाने मला जितके दिले आहे तितके जाड ग्रंथांनी दिलेले नाही.

पहिल्याच तारखेला ‘गुन्हा कबूल’ म्हणणे

कबुली देणे नेहमीच चुकीचे असते, असे मी म्हणत नाही. आकडा १४० असेल आणि कागद स्वच्छ असतील, तर मीही कबुलीचाच सल्ला देतो. माझा राग आहे तो कागद न पाहता, ‘एकदाचे दहा हजार टाका आणि सुटा’ म्हणणाऱ्या उतावळेपणावर, आणि असे सांगणाऱ्या, न्यायालयाच्या व्हरांड्यात उभ्या असणाऱ्या सर्वज्ञांवर.

औषधविक्री प्रतिनिधी असलेल्या एका गृहस्थाने असेच केले. सुट्टी वाया जाऊ नये म्हणून पहिल्याच तारखेला कबुली दिली, दंड भरला, पावती घडी करून खिशात घातली आणि त्याच संध्याकाळी मोटारसायकलवरून फेरीला निघाला. कलम १८५ खाली दोषी ठरवताना न्यायालयाने परवाना धारण करण्यास किमान ६ महिन्यांची अपात्रता फर्मावली पाहिजे, असे कलम २० सांगते, आणि त्याच्या आदेशात ती होतीच. आदेशाची प्रत त्याने वाचली नव्हती. दोन महिन्यांनी त्याला अडवले गेले तेव्हा त्याने दारूचा थेंबही घेतलेला नव्हता, तरी अपात्र असताना वाहन चालवल्याबद्दल कलम १८२ खाली नवा गुन्हा दाखल झाला, ज्याची शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी आहे. तो माझ्याकडे आला तो या दुसऱ्या प्रकरणासाठी, आणि येताच त्याने पहिल्याची पावती टेबलावर ठेवली, जणू ती पाहिल्यावर सगळे मिटणार होते.

याला समांतर चालणारी आरटीओची कार्यवाही तर लोकांच्या गावीही नसते. पोलीस परवाना जप्त करून कलम २०६ नुसार परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवतात, आणि ते प्राधिकारी, म्हणणे ऐकून घेतल्यानंतर, पहिल्या गुन्ह्यासाठी ३ महिने अपात्र ठरवू शकतात व दुसऱ्यासाठी परवानाच रद्द करू शकतात. त्यासाठी येणारी नोटीस ‘न्यायालयात चालू आहे ना’ असे म्हणून कपाटात टाकली जाते. म्हणणे मांडण्याची ती संधी एकदाच येते.

बाकीच्या चुका

सकाळी उठून ‘रात्रीची उतरली’ असे मानणे. यकृत रक्तातला मद्यार्क दर १०० मिलिलिटरमागे सरासरी ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास कमी करते. मध्यरात्री १५० असलेला माणूस ३० वर यायला सकाळचे आठ वाजतात, आणि कॉफी, लिंबू वा थंड पाण्याची आंघोळ हा वेग वाढवत नाही.

प्यायलेल्या मित्राच्या हाती आपल्या गाडीची चावी देणे. कलम १८८ नुसार या गुन्ह्याला अपप्रेरणा देणाऱ्याला, म्हणजे तो करायला चिथावणी वा मदत देणाऱ्याला, मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे.

जामिनावरून घाबरून जाणे. हा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क आहे. मात्र बंधपत्रावर सही करून तारीख विसरणाऱ्याविरुद्ध आधी जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र वॉरंट निघते, आणि मग तो हक्क आठवून उपयोग नसतो.

नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे उमेदवाराची पूर्वपीठिका विचारणाऱ्या अर्जात, प्रकरण लपवणे. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये माहिती खरी व पूर्ण असली पाहिजे असे सांगितले; किरकोळ प्रकरण उघड केल्यास नियोक्त्याला सोडून देता येते, लपवलेले उघडकीस आले तर नियुक्तीच संकटात येते.

विम्यावर विसंबणे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मद्याच्या अमलामुळे फेटाळण्यासाठी विमा कंपनीला ३० मिलिग्रॅमचा आकडा सिद्ध करावाच लागतो असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका पोर्शे गाडीच्या दाव्यात स्पष्ट केले. तेव्हा फौजदारी खटल्यातून सुटलात, तरी गाडीचे पैसे मिळतीलच असे समजू नका.

अपघातात कोणी दगावले असेल, तर वरचे बहुतेक सगळे गैरलागू ठरते. तेव्हा प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चा, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यूचा व ५ वर्षांपर्यंतच्या कारावासाचा, की कलम १०५ चा, म्हणजे सदोष मनुष्यवधाचा, असा असतो. मुंबईत कार्टर रस्त्यावर १२ नोव्हेंबर २००६ रोजी पदपथावर झोपलेले सात मजूर मारले गेले, त्या अ‍ॅलिस्टर परेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाचीच दोषसिद्धी कायम ठेवली. अशा प्रकरणात पहिल्या तासालाच वकील हवा. या लेखातून काही शोधत बसू नका.

शेवटची चूक क्षुल्लक वाटते, पण दर महिन्याला एक तरी माणूस ती घेऊन येतो: अपात्रतेची मुदत संपली म्हणजे परवाना आपोआप घरी येईल, असे समजणे. प्राधिकाऱ्याकडे जमा झालेला परवाना चालकांसाठीचे उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्याशिवाय परत मिळत नाही, आणि तो मागायला गेल्यावर जप्तीच्या वेळी मिळालेली पोच दाखवावी लागते, जी तोवर बहुतेकांनी हरवलेली असते.