प्रस्तावना शेवटी वाचा: पुस्तकांवर लिहायला लागणाऱ्यांसाठी

पुस्तकांवर लिहायला सुरुवात करणाऱ्या बहुतेकांचं वाचन दांडगं असतं, भाषाही बरी असते. तरी लेख पडतो. वाचणाऱ्याला वाटतं, हे कुठेतरी आधी वाचलंय. लेखात पुस्तकाची माहिती असते, लेखकाबद्दल आदर असतो, पण लिहिणाऱ्यानं ते पुस्तक वाचताना काय पाहिलं हे कुठेच नसतं.

मी नोकरी सांभाळून लिहिते, मुख्यतः कादंबऱ्या आणि आत्मचरित्रांवर. हात अजून बसलेला नाही. प्रत्येक लेखाचा पहिला खर्डा आजही जड जातो, आणि ज्या खड्ड्याबद्दल पुढे लांबण लावणार आहे, तो आजही माझ्या वाटेत असतो. म्हणून बाकीचं थोडक्यात आटोपेन. हे मात्र नीट सांगू द्या.

मराठी पुस्तकांची मांडणी आठवून पाहा. आधी कुणा ज्येष्ठ व्यक्तीची प्रस्तावना, मग लेखकाचं मनोगत, मग ऋणनिर्देश. मलपृष्ठावर आणखी एक मजकूर. पहिलं प्रकरण सुरू होण्याआधी आपण वीस-पंचवीस पानं वाचून बसलेले असतो. या पुस्तकाचा विषय काय, ते महत्त्वाचं का, त्यातला सर्वांत भेदक प्रसंग कोणता, भाषा कशी आहे, हे सगळं तोवर ठरलेलं असतं. पुढचं आपलं वाचन म्हणजे त्या यादीवर खुणा करत जाणं. प्रस्तावनेत ‘अस्वस्थ करणारी कादंबरी’ म्हटलेलं असलं की आपण अस्वस्थ व्हायची वाट बघतो. मध्येच एखाद्या पानावर खळखळून हसू आलं, तर ते टिपणात येतच नाही, कारण यादीत हसणं नव्हतं.

यात चोरी केल्याची जाणीव होत नाही, म्हणूनच हे ओळखायला कठीण. वाक्य आपणच रचलेलं असतं. शब्द आपले, मत मात्र उसनं. आणि प्रस्तावना लिहिणारा माणूस मोठा असतो, त्याचं मत बहुतेकदा बरोबरही असतं. मग बिघडतं कुठे? बिघडतं असं, की तुमचा लेख वाचणाऱ्याला तुमच्याकडून तुम्ही पाहिलेलं हवं असतं. बाकीचं त्याला पुस्तक उघडल्यावर मिळणारच आहे.

यावर मी धरलेला उपाय अगदी साधा आहे. पुस्तक हातात आलं की प्रस्तावनेची पानं एका रबरबँडनं बांधून टाकायची. पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत वाचायचं, खर्डा लिहायचा, आणि त्यानंतरच रबर काढायचा. खर्डा झाल्यावर त्याच्याच समासात पेन्सिलनं प्रत्येक मतापुढे पानाचा आकडा टाकायचा: हे मत पुस्तकातल्या कुठल्या पानामुळे झालं? आपल्याकडे प्रस्तावनेच्या पानांना बऱ्याचदा अक्षरी आकडे असतात: सात, आठ, नऊ. तुम्ही प्रस्तावना आधी वाचून बसला असाल, तर समासात ‘अकरा’, ‘चौदा’ असे आकडे उमटायला लागतील. ती सगळी मतं काढा. ज्यांच्यापुढे कुठलाच आकडा टाकता येत नाही, तीही काढा. उरलेलं कमी असेल, कदाचित चारच ओळी असतील. त्या चार ओळींवर लेख उभा राहतो, घाबरू नका.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेऊ. पुस्तक १९५५ सालचं, बहुतेकांनी वाचलेलं. तिच्यावर लिहिताना हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘माणदेशातल्या दुष्काळाचं विदारक चित्रण’. आता पानं उलटून बघा. दुष्काळ येतो तो कादंबरीच्या शेवटाकडे. त्याआधीचा मोठा भाग आहे तो धनगरांच्या वस्तीवर नोकरीला आलेल्या पोरसवदा मास्तराचा आणि त्या वस्तीनं त्याला हळूहळू आपलंसं करण्याचा. म्हातारा कारभारी, रामोशी, आपापली गाऱ्हाणी घेऊन मास्तराकडे येणारी माणसं. मास्तराच्या डोक्यात तालमीची कल्पना येते, आणि गाव स्वतःच्या अंगमेहनतीनं ती तालीम उभी करतं. नंतर पाऊस दगा देतो, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते. गावानं एकत्र येऊन बांधलेली इमारत उभी आहे आणि तिच्यात घुमायला पोरं नाहीत, ही जागा दाखवलीत की ‘विदारक’ हा शब्द लिहायची गरजच राहत नाही. शिवाय एक प्रश्न आपोआप पुढे येतो: माडगूळकरांनी दुष्काळ इतका उशिरा का आणला? माझं उत्तर असं, की आधी माणसं ओळखीची झाली नसती, तर त्यांचं जाणं ही नुसती बातमी झाली असती. तुमचं उत्तर वेगळं असेल, असू दे. पण त्या उत्तरासाठी तुम्हाला कादंबरीत परत जावं लागेल, प्रस्तावनेत नाही.

‘ओघवती शैली’, ‘संग्राह्य’, ‘अंतर्मुख करणारं’, ‘प्रत्येकानं वाचावंच असं’ हेही याच कुळातले. असा शब्द आला की पुस्तकाचं नाव झाकून तो परिच्छेद दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला चिकटवून बघा. चिकटला, तर काढून टाका. सवय जायला वेळ लागतो. माझीही पुरती गेलेली नाही.

टिपणांबद्दल. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल लावायची नाही, हा नियम पाळायचाच. मी जुन्या पाकिटाची पट्टी कापून खुणेला ठेवते आणि तिच्यावरच पान क्रमांक नि दोन शब्द लिहिते: ‘७३, आई गप्प’. तेवढं पुरतं. पूर्ण वाक्यांत टिपणं काढू नका, नाहीतर वाचतानाच परीक्षण लिहिणं सुरू होतं आणि पुस्तक हातातून निसटतं. पान क्रमांकासोबत प्रकरणही टिपा, कारण नव्या आवृत्तीत पानं बदलतात. आवृत्ती कितवी, कुठल्या सालची, हे पहिल्याच दिवशी उतरवून ठेवा. पुस्तक परत केल्यावर त्यासाठी पुन्हा फेरी मारावी लागते.

कथानक किती सांगायचं, हा नेहमीचा प्रश्न. वाचकाला पुस्तकाच्या दारात उभं करण्यापुरतं. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ची. युरोपातून परतणारा एक मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा एका बोटीवर भेटतात, आणि बोटीचा प्रवास कधीतरी संपणार आहे. इतकं सांगा. मुदत असलेल्या जवळिकीत माणसं एकमेकांशी कशी वागतात, यावर पुढचे तीन परिच्छेद लिहिता येतात, शेवटाला हात न लावता. कादंबरी इतकी जुनी आहे म्हणून शेवट सांगून टाकायला हरकत नाही, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. ती आज पहिल्यांदा हातात घेणारी विशीतली मुलगी आहेच ना.

उतारे घ्या, जरूर घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ समीक्षेसाठी रास्त प्रमाणात अवतरण द्यायला मुभा देतं. पण पाच ओळींचा उतारा देऊन त्याखाली ‘किती सुंदर!’ लिहिणं म्हणजे आपलं काम वाचकावर ढकलणं. उताऱ्यातलं काय सुंदर आहे ते सांगा: क्रियापद, मोडलेलं वाक्य, बोलीतला एखादा शब्द. कवितासंग्रहाच्या बाबतीत जपून. अख्खी कविता छापून टाकू नका. दोन-चार ओळी घ्या आणि त्यांच्याजवळ थांबा.

अनुवादित पुस्तकावर लिहिताना अनुवादकाचं नाव पहिल्या परिच्छेदात आलंच पाहिजे. या बाबतीत मी हट्टी आहे. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या आपण घरोघरी वाचल्या त्या मोठ्या प्रमाणात उमा कुलकर्णींच्या मराठीत. ज्या वाक्यांवर आपण जीव टाकतो ती मराठी वाक्यं त्यांनी घडवलेली आहेत. त्यांचा उल्लेखही न करता ‘भैरप्पांची भाषा’ म्हणून कौतुक करणं हा सरळ अन्याय आहे.

आता आडवाटा. ऐकायला मिळणारे सारांश, यंत्राकडून काढून घेतलेला गोषवारा, चार लोकांची परीक्षणं वाचून केलेलं पाचवं: यातल्या कशानंही वेळ वाचत नाही. पुस्तक न वाचता त्यावर लिहिणारा माणूस त्या पुस्तकाच्या खऱ्या वाचकाला दुसऱ्या परिच्छेदात कळतो. एकदा कळलं की तो तुमच्याकडे परत येत नाही. हे कठोर वाटेल, पण तसंच आहे.

मार्गदर्शकांविषयी माझं मत सगळ्यांना रुचणार नाही. ‘आधी रससिद्धान्त वाचा, मग पाश्चात्त्य समीक्षा वाचा, मग लिहा’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. मलाही मिळाला होता, आणि त्या धाकानं लिहिणं कितीतरी लांबलं. सिद्धान्त वाचावा, पण लिहायला लागल्यावर, प्रश्न पडायला लागल्यावर. सुरुवातीला त्यापेक्षा उपयोगी पडतो तो पुस्तक न वाचलेला, स्पष्ट बोलणारा घरातला माणूस. त्याला खर्डा वाचून दाखवा. ‘मग पुढं काय होतं?’ असं त्यानं विचारलं, तर कथानक जास्त झालंय. ‘पण तुला का आवडलं?’ असं विचारलं, तर मत उघडं पडलंय, पुरावा नाही. माझ्या घरी हे काम माझी धाकटी बहीण करते, आणि कुठल्याही व्याख्यानापेक्षा तिच्या प्रश्नांनी मला जास्त शिकवलंय.

अभिप्रायासाठी भेट आलेलं पुस्तक असेल तर तसं लेखात लिहा. एक ओळ पुरते. लेखक ओळखीचा असेल तर तेही लिहा. आणि न आवडलेल्या पुस्तकाबद्दल न आवडलं म्हणायला शिका. मराठीत पुस्तकांची आवृत्ती लहान असते, लेखकाने कधीकधी पदरचे पैसे घातलेले असतात, हे ठाऊक असल्यामुळे आपण गोडगोड लिहितो. त्यात माया आहे, मला मान्य आहे. तरी वाचकही कष्टाचे तीनशे-चारशे रुपये मोजणार असतो. नापसंतीलाही पान क्रमांक लागतोच. ‘मधला भाग कंटाळवाणा’ असं मोघम लिहू नका. कुठल्या प्रकरणात गोष्ट थांबली आणि तिथे लेखक काय करत होता, ते दाखवा. लेखकाचा रागाचा निरोप येऊ शकतो. मला आलेला आहे, रात्रभर झोप लागली नव्हती. सकाळी मी समासातले आकडे पुन्हा तपासले, ते बरोबर होते, मग लेख होता तसाच ठेवला. तुमच्यावर ही वेळ आली तर वाद घालू नका, आकडे तपासा. चूक निघाली तर दुरुस्त करा आणि दुरुस्ती केल्याचं लिहा.

पहिल्या लेखासाठी आयुष्यभराचं आवडतं पुस्तक घेऊ नका. त्याच्यावर नुसतं प्रेम उतू जातं, हाती काही लागत नाही. नावडतंही नको. अर्धं आवडलेलं, अर्धं खटकलेलं, दोनशे पानांच्या आतलं आणि दुसऱ्यांदा वाचायला वेळ मिळेल असं पुस्तक घ्या. शक्यतो ज्याच्यावर फारसं कुणी लिहिलेलं नाही असं. वाचनालयाच्या कपाटात खालच्या खणात अशी पुष्कळ असतात. आठशे शब्दांच्या पुढे जाऊ नका. आणि घरी आणल्या आणल्या प्रस्तावनेला रबर लावा.