गांडूळखताचा बेड का बसतो? गांडुळाच्या पोटाशी निगडित या चुका टाळा

बेड, म्हणजे गांडूळखतासाठी शेण-काडीकचऱ्याचा वाफा, भरला, गांडुळं सोडली, पाणी मारलं, आणि पंधरा दिवसांनी उकरून बघितलं तर गांडुळं गायब. अशा वेळी शिव्या खातो गांडुळं विकणारा. कधीकधी त्याचीच चूक असते, पण बहुतेक वेळा आपण बेडमध्ये असं काहीतरी टाकलेलं असतं जे गांडुळाच्या पोटाला चालत नाही. पोट म्हणजे खरं तर पोटातले जिवाणू.

गांडुळाला दात नसतात. जे समोर येईल ते गिळायचं, पेषणीत, म्हणजे पोटातल्या दळणाच्या पिशवीत, वाळूच्या कणांवर दळायचं आणि आतड्यात ढकलायचं. काडीकचरा पचवणारे एन्झाइम त्याच्याकडे थोडेफार असतात, पण कामाचा मोठा भार शेणामातीबरोबर पोटात गेलेल्या जिवाणूंवर असतो. बाहेर हे जिवाणू अर्धपोटी, सुस्त पडलेले असतात. गांडूळ आतड्याच्या सुरुवातीलाच त्यांच्यावर पाणी आणि चिकट स्राव सोडतं. असा आयता गोड पाहुणचार मिळाला की ते जागे होतात आणि पुढे सरकता सरकता काडी फोडू लागतात. काही तासांनी मागून बाहेर पडते ती विष्ठा, म्हणजे आपलं खत.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर रात्री ओल्या वर्तमानपत्रावर चार गांडुळं ठेवा आणि वर एक परात पालथी घाला. सकाळी कागदावर काळ्या, ओलसर, खसखशीएवढ्या गोळ्यांच्या रेघा दिसतील. गांडुळं आदल्या दिवशीपेक्षा फिकट, जवळजवळ आरपार दिसतात. कागदाची कडही थोडी कुरतडल्यासारखी होते, कारण भूक लागली की ती कागदही खातात. गोळ्या पडल्याच नाहीत, तर पोट बसलंय असं समजा.

गूळ-बेसन ओतण्याची हौस

ही चूक मी स्वतः केली आहे. दुसऱ्या वर्षी खत लवकर हवं होतं. जीवामृताच्या (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेल्या पातळ खताच्या) पिंपाच्या तळाशी गूळ-बेसनाचा घट्ट गाळ उरला होता. जिवाणूंना खुराक मिळेल म्हणून तो सगळा एकाच बेडवर ओतला. तिसऱ्या दिवशी गोणपाट उचलला तर आंबून फसफसलेल्या इडलीच्या पिठासारखा भपकारा आला. गांडुळं ताडपत्रीच्या कडांवर चढून बसली होती. त्यातलं एक तळहातावर घेतलं. एकसारखं गोल अंग राहिलंच नव्हतं. जागोजागी फुगलेलं आणि मधे दोऱ्याने आवळल्यासारखं, अगदी मण्यांची माळ. वळवळ नव्हती. उचलताना फुगवट्याशीच तुटलं.

बेड करणाऱ्यांच्या ओळखीचं हे दुखणं आहे. बेसन, पीठ, डाळ, शिळा भात अशा पदार्थांवर जिवाणू एकदम भडकतात. पोटात आम्ल आणि वायू तयार होतो. गांडुळाच्या अन्ननलिकेजवळ चुनखडी सोडणाऱ्या ग्रंथी असतात, पण एवढं आम्ल त्यांना आवरत नाही.

असं झालं तर आधी तो थर खुरप्याने काढून बाहेर पसरा. बेडमध्ये बारीक केलेलं कोरडं पाचट किंवा जुनं कोरडं शेणखत मिसळा आणि हाताने हलवून मोकळं करा. आम्ल मारायला चुनखडीची किंवा अंड्याच्या टरफलांची पूड भुरभुरा. पानाला लावायचा चुना मात्र अजिबात नको, त्याने गांडुळं भाजतात. आठवडाभर नवीन काही घालू नका. मण्यांची माळ झालेली गांडुळं वाचत नाहीत, ती वेचून काढा. जीवामृत द्यायचंच असेल तर गाळून, पाण्यात पातळ करून, शिंपडण्यापुरतं द्या.

ताजं शेण

हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाईत घातलं जातं. ताज्या शेणाच्या ढिगात जिवाणूंचं काम इतकं जोरात चालतं की आत हात घालवत नाही. 50 ते 60 अंशांपर्यंत ऊब जाते. गांडूळ 35 अंशांच्या पुढे टिकत नाही. त्यात अमोनियाचा उग्र वास असतो तो वेगळाच. शेण आणि काडीकचरा पंधरा-वीस दिवस बाहेर कुजवा, एकदा-दोनदा पालथा करा आणि गार झाल्यावरच बेडमध्ये भरा.

"गांडुळाच्या आतड्यात हवा नसते, मग बेड बंद ठेवला तर काय बिघडलं?"

हा प्रश्न मला एका हुशार मुलाने विचारला होता, आणि त्याचं पहिलं वाक्य खरं आहे. जर्मनीत बायरॉइट विद्यापीठातल्या संशोधकांनी सुईसारखे बारीक सेन्सर गांडुळाच्या आतड्यात घालून बघितलं, तर तिथे ऑक्सिजन सापडलाच नाही. 2003 साली हे प्रसिद्ध झालं. अशा जागी मातीतले काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर भागवतात आणि नायट्रस ऑक्साइड सोडतात. म्हणजे जिवंत गांडुळाच्या अंगातून चक्क हास्यवायू निघतो.

पण गांडूळ श्वास घेतं ते ओल्या कातडीतून, आणि त्याला बाहेरची हवा लागतेच. तळाला पाणी साचलं, वर प्लास्टिक गच्च बांधलं, की आतड्यातली स्थिती अख्ख्या बेडमध्ये होते आणि गांडूळ गुदमरतं. वर झाकायला गोणपाट घ्या, तळाला पाणी निघायला भोक ठेवा. ओल बघायची असेल तर मूठभर माल घट्ट आवळा. बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाणी बंद.

औषध मारलेला माल

गाईला जंताचं औषध दिलं की पुढचे काही दिवस तिचं शेण-मूत्र बेडकडे नेऊ नका. अल्बेंडाझोल गांडुळाला जंतांपासून वेगळं ओळखत नाही. त्याच कुळातलं बुरशीनाशक म्हणजे कार्बेंडाझिम, आणि तेही गांडुळाला घातक. नाशिककडच्या द्राक्षबागांमधला छाटणीचा माल या बाबतीत फसवा असतो. फुकट मिळतो, पण बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकातलं) तांबं त्यावर बसलेलं असतं, आणि तांबं कुजून जात नाही. मी असा माल घेत नाही. बाहेरून आणलेल्या कुठल्याही शेणाची परीक्षा सोपी आहे. डब्यात ओंजळभर शेण घ्या, दहा गांडुळं सोडा, झाकणाला भोकं पाडा आणि 24 तास ठेवा. दहाच्या दहा आत शिरून बसली असतील तर माल चांगला. झाकणाला चिकटून असतील, तर ती काय सांगताहेत ते ऐका.

बाटलीतलं कल्चर

गांडुळाच्या पोटातले जिवाणू वाढवून देतो म्हणून बाटल्या विकल्या जातात. त्यावर खर्च करायची मला गरज वाटत नाही. आतड्यातले बहुतेक जिवाणू अन्नाबरोबर येणारे-जाणारे असतात. आज शेण घातलं तर एक मंडळी, उद्या पाचट घातलं तर दुसरी. पिढ्यान्‌पिढ्या सोबत राहणारे जिवाणूही गांडुळात आहेत, पण ते त्याच्या उत्सर्जन नलिकांमध्ये राहतात आणि कोशातून, म्हणजे अंड्यांच्या पिशवीतून, आईकडून पिल्लाला मिळतात. वर्मिनेफ्रोबॅक्टर हे त्यांचं नाव. बाटलीचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

नवीन बेडला विरजण लावायचं ते जुन्या बेडचंच. अर्धवट झालेला माल गांडुळांसकट, कोशांसकट, चार-पाच पाट्या आणून पसरा. गांडुळं धुऊन, मोजून, स्वच्छ करून सोडायची गरज नाही. आणि पावसात शेतातून वेचलेली गांडुळं बेडमध्ये टाकू नका. ती माती खाणारी, खोल जाणारी असतात, शेणाच्या ढिगात रमत नाहीत. बेडसाठी आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस या जातीची गांडुळं घ्या.

खत उन्हात वाळवणं

चाळणीतून झरझर पडावं म्हणून लोक तयार खत ताडपत्रीवर कडक उन्हात पसरतात, आणि एवढ्या खटपटीने वाढवलेले बरेचसे जिवाणू उन्हाने मरतात. खत नियंत्रण आदेशाप्रमाणेसुद्धा गांडूळखतात 15 ते 25 टक्के ओलावा असायला हवा. काढायच्या चार-पाच दिवस आधी पाणी बंद करा आणि सावलीत ढीग लावा. गांडुळं तळाला जातील, वरचं खत अलगद काढून चाळा आणि गोणपाटाच्या पोत्यात सावलीत ठेवा. जिवाणू जपायचे तर आणखी एक: व्हर्मीवॉश, म्हणजे बेडमधून झिरपलेलं पाणी, फवारायचा असेल तर ज्या पंपातून काल बोर्डो मारला, तो आधी दोनदा धुऊन घ्या.