छोट्या कुत्र्याला आनंदात श्वासाचा झटका येतो? या चुका टाळा

दार उघडतं, कुत्रं धावत येतं, दोन उड्या मारतं आणि मधेच थबकतं. मान पुढे ताणलेली, कोपरं बाहेर काढलेली, डोळे वटारलेले आणि नाकातून घर्र घर्र आवाज. अर्ध्या मिनिटात सगळं थांबतं आणि शेपूट पुन्हा हलायला लागते. बघणाऱ्याचा जीव मात्र टांगणीला लागलेला असतो, आणि बऱ्याचशा चुका त्या अर्ध्या मिनिटातच होतात.

ही बहुतेक वेळा उलटी शिंक, म्हणजे रिव्हर्स स्नीझिंग. साध्या शिंकेत हवा बाहेर फेकली जाते, इथे ती नाकातून झटक्याझटक्याने आत ओढली जाते. नाकाच्या अगदी मागे, मऊ टाळूच्या वरच्या भागात काहीतरी चाळवतं आणि हे सुरू होतं. कारण धूळ, परफ्यूम, घाईघाईने प्यायलेलं पाणी, पट्ट्याची ओढ किंवा नुसता अनावर आनंदही असू शकतो. अधूनमधून येणाऱ्या अशा झटक्याला औषध लागत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक: प्रत्येक झटका ‘उलटी शिंक’ समजून सोडून देणं

यॉर्की, पोमेरेनियन, चिवावा, टॉय पूडल या जातींत श्वासनलिका चपटी होण्याचा आजार बराच दिसतो. नलिकेला आधार देणाऱ्या कूर्चेच्या कड्या इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या असतात आणि उघड्या बाजूला पातळ पडदा असतो. कड्या मऊ पडल्या की पडदा आत झुकतो आणि वाट अरुंद होते. कुत्रं खुशीत आलं की श्वासाचा जोर वाढतो आणि नलिका आणखी दबते. मग खोकला येतो तो कोरडा, बदक ओरडल्यासारखा. उलट्या शिंकेत तोंड सहसा मिटलेलं असतं आणि आवाज नाकातून येतो. हा खोकला घशातून, तोंड उघडून येतो. पट्टा ओढल्यावर तो हमखास वाढतो.

मानेतली नलिका श्वास घेताना दबते आणि छातीतली सोडताना. त्यामुळे एका एक्स-रेत काही दिसलं नाही, एवढ्यावर आजार नाही असं धरून चालू नका. गरज पडली तर डॉक्टर श्वास चालू असतानाचं हलतं चित्र दाखवणाऱ्या एक्स-रेने किंवा नलिकेत दुर्बीण घालून तपासतात.

वय झालेल्या छोट्या कुत्र्यात हृदयाची झडप गळत असेल तरीही खोकला आणि धाप दिसते. घरी करता येण्याजोगी तपासणी अशी: कुत्रं गाढ झोपलं असताना छाती 30 सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजा आणि दुप्पट करा. हा आकडा रोजच 30 च्या वर जात असेल तर दवाखाना गाठा. उत्साहात कुत्रं आडवं पडून शुद्ध हरपलं तर त्याच दिवशी.

पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची घुरघुर ‘जातीचीच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. बारीक नाकपुड्या आणि लांब टाळू यांवर शस्त्रक्रिया होऊ शकते.

झटका चालू असताना तोंडात बोटं घालणं

घशात सहसा काही अडकलेलं नसतं, चावा मात्र मिळतो. नाकपुड्या दाबून धरणंही नको, त्याने कुत्रं आणखी बिथरतं. खाली बसा, आवाज खाली आणा, गळ्यावरून वरून खाली हलकेच हात फिरवा. गिळलं की झटका बऱ्याचदा मोडतो. खरंच काही अडकलं असेल तर कुत्रं पंजाने तोंड खरवडतं, लाळ गाळतं, तडफडतं.

गळ्यात पट्टा आणि पोटावर चरबी

छोट्या कुत्र्याला गळपट्टा फक्त नाव लिहिलेला बिल्ला अडकवण्यापुरताच ठेवा. फिरायला छातीवर ‘वाय’ आकारात बसणारा हार्नेस हवा, आत दोन बोटं जातील इतका सैल. वजनाकडे तर घरोघरी दुर्लक्ष होतं. फासळ्या नुसता हात फिरवून लागायला हव्यात, दाबून शोधाव्या लागल्या तर वजन जास्त आहे. खाऊ दिवसभराच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा.

माणसाचं खोकल्याचं औषध

हे कधीच नाही. काही सिरपमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने घसरते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनही विषारी ठरू शकतात.

डॉक्टरांना तोंडी वर्णन सांगणं

टेबलावर कुत्रं शहाण्यासारखं बसतं, तिथे झटका येत नाही. मोबाइलवर पूर्ण अंग दिसेल आणि आवाज नीट ऐकू येईल असा व्हिडिओ काढा. सोबत तारीख, किती सेकंद चाललं आणि आधी काय घडलं, एवढं टिपून ठेवा. झटके अचानक वाढले किंवा एकाच नाकपुडीतून शेंबूड वा रक्त येत असेल तर ते आवर्जून सांगा. नाकात गवताचं कुसळ किंवा माइट (अगदी बारीक परजीवी) असू शकतात.

घरात शिरताच लाडाचा गोंधळ

आल्या आल्या उचलून घेणं, किंचाळून हाका मारणं बंद करा. चारही पाय जमिनीवर टेकेपर्यंत त्याच्याकडे बघू नका, मग शांतपणे हात लावा. घरातल्या एकाने पाळून बाकीच्यांनी मोडलं तर हे लागू पडत नाही.

ओठ वर करून हिरड्या बघायची सवय आधीच लावा, म्हणजे नेहमीचा गुलाबी रंग माहीत राहतो. त्या निळसर किंवा पांढुरक्या दिसल्या, किंवा झटका दोन मिनिटांनंतरही थांबला नाही, तर थांबून पाहू नका. गळपट्टा काढा, कुत्र्याला चालवू नका, छाती न दाबता उचला, गाडीत हवा गार ठेवा आणि निघताना दवाखान्यात फोन करून ऑक्सिजन तयार ठेवायला सांगा.