रोज वापरायचं महागडं स्पोर्ट्स घड्याळ: ओरखड्यांची धास्ती सोडा, या चुका टाळा

महागडं स्पोर्ट्स घड्याळ नवं नवं हातात आलं की पहिले काही आठवडे माणूस मनगट सांभाळून चालतो. दाराच्या कडीला लागेल, टेबलाच्या काठाला घासेल म्हणून बाही खाली ओढून घेतो. तोच माणूस घड्याळासकट कढत शॉवरखाली उभा राहतो, रात्री ते वायरलेस चार्जरला चिकटून ठेवतो आणि झोपायच्या आधी तारीख चुकलेली दिसली तर तिथल्या तिथे चावी फिरवून मोकळा होतो. पोलादावरच्या ओरखड्याने घड्याळ एका सेकंदानेही मागेपुढे होत नाही. बाकीच्या तीन सवयी मात्र घड्याळाला दुरुस्तीच्या टेबलावर नेऊन बसवतात. जपायला हवंच, पण कुठे जपायचं तेच बहुतेकांचं चुकतं.

चावी आवळण्यातली घाई

१९२६ मध्ये रोलेक्सने ऑयस्टर केस (केस म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच) आणली तेव्हा तिची खुबी होती स्क्रूसारखी आवळून बसणारी चावी. पुढच्याच वर्षी मर्सिडीझ ग्लाइत्झ ही ब्रिटिश जलतरणपटू तसं घड्याळ गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरली. थंडगार पाण्यात ती दहा तासांहून जास्त वेळ होती आणि घड्याळ चालू राहिलं. आजही बहुतेक डायव्ह घड्याळांची, म्हणजे पाण्याखाली बुडी मारताना वापरायच्या घड्याळांची, सगळी भिस्त अशाच चावीवर असते, पण ती आवळलेली असली तर. वेळ लावायची, चावी नुसती आत ढकलायची आणि आवळायचं विसरून जायचं, हे फार सर्रास होतं. पाण्याजवळ जाण्यापूर्वी बोटाने एकदा चाचपून बघा. एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ झालं.

दुसरी चूक आट्यांची. चावी तिरकी लागते, जड जाते, आणि माणूस जोर लावतो. नवीन घड्याळ आहे, घट्टच असणार, अशी समजूत असते. तसं नसतं. आवळताना घड्याळ हातातून काढा. चावी चिमटीत धरून आत दाबा आणि आधी उलटी, म्हणजे सोडायच्या दिशेने, हळू फिरवा. एका जागी आटे एकमेकांवरून खाली उतरल्याचा बारीकसा ‘टक’ बोटांना जाणवतो. तिथून सरळ फिरवायला सुरुवात करा. बरणीचं झाकण तिरकं बसू नये म्हणून आपण जे करतो तेच हे. चावी बरोबर लागली असेल तर सुरुवातीला जवळजवळ जोरच लागत नाही. जड वाटली की थांबायचं, सोडायची, पुन्हा लावायची. शेवटी बोटांनी सहज लागेल तेवढीच आवळा. जास्त पिळल्याने पाणी जास्त अडत नाही, आतली रबरी रिंग मात्र लवकर चेपते.

चावी आवळताना घसरायला लागली, किंवा आवळूनही बाहेर उडी मारायला लागली, तर आटे गेलेले असतात. चावी आणि ती जिच्यावर बसते ती नळी, दोन्ही बदलता येतात. काम मोठं नाही, पण ते होईपर्यंत पाण्यापासून लांब राहा.

घड्याळ हातात असतानाच चावी बाहेर ओढून वेळ लावू नका, हेही इथेच सांगून टाकतो. मनगट आड येतं, चावी तिरकी ओढली जाते आणि तिचा बारीक दांडा वाकतो.

रात्री तारीख बदलणं

साधारण रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारखेचे दाते चक्रात अडकलेले असतात. तेव्हा झटपट तारीख बदलायला गेलात तर एखादा दाता मोडू शकतो किंवा तारीख दोन आकड्यांच्या मध्ये अडकून बसते. काही नव्या यंत्रांत ही अडचण ठेवलेली नाही, पण आपलं त्यातलं आहे की नाही हे माहितीपुस्तिका बघूनच ठरवावं. खात्रीची पद्धत अशी: काटे साडेसहावर आणा, तारीख कालची लावा, मग काटे पुढे फिरवत राहा. तारीख पालटली म्हणजे मध्यरात्र झाली. तिथून पुढे हवी ती वेळ लावा. तारीख रोज दुपारी बारा वाजता बदलत असेल तर घड्याळ बिघडलेलं नाही, फक्त बारा तास मागेपुढे लागलंय.

‘शंभर मीटर’चा अर्थ

घड्याळ किती मीटर पाणी सोसेल हा तबकडीवरचा आकडा वाचून लोक दोन टोकांना जातात. कुणी तीनशे मीटरचं घड्याळ बेसिनपाशीही काढून ठेवतो, तर कुणी पंधरा वर्षं न उघडलेल्या घड्याळासकट सूर मारतो. हा आकडा दाबाच्या चाचणीचा असतो, आणि ती चाचणी घड्याळ नवं असताना, रबरी रिंगा ताज्या असताना झालेली असते. आयएसओ ६४२५ हे डायव्ह घड्याळांचं मानक किमान शंभर मीटर मागतं आणि प्रत्येक घड्याळ तपासायला लावतं. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांसाठीचं आयएसओ २२८१० नमुन्याची तपासणी चालवून घेतं. दोन्ही मानकं कारखान्यातल्या नव्या घड्याळाबद्दल बोलतात. रबर सुकतं, चेपतं, त्याला भेगा जातात; तबकडीवरचा आकडा तोच राहतो.

थंड पाण्यात पोहणं त्यामानाने सोपं. खरा त्रास गरम पाणी, वाफ आणि साबणाचा. उष्णतेने धातू, काच आणि रबर वेगवेगळ्या मापाने प्रसरण पावतात, आणि साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन ते बारीक फटीतही शिरतं. सॉना झाल्यावर थंड पाण्यात उडी हा तर सरळ छळ आहे. समुद्रातून आल्यावर चावी आवळलेली आहे हे बघून गोड्या पाण्याने धुवा आणि बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, दोन-चार वेळा फिरवा, म्हणजे खाली मीठ साचत नाही. पाण्याखाली चावीला हात लावायचा नाही. क्रोनोग्राफची, म्हणजे घड्याळातल्या स्टॉपवॉचची, बटणंही, उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिलेली नसेल तर, दाबायची नाहीत. केसच्या कडेला हेलियमची झडप असेल तर ती आत शिरलेलं पाणी काढायची सोय नव्हे. दिवसेंदिवस हेलियममिश्रित हवेत, दाबाखाली राहणाऱ्या व्यावसायिक डायव्हरांसाठी ती असते. तुम्ही-आम्ही ती बंदच ठेवावी.

नियमित पोहत असाल तर वर्षातून एकदा दाब-चाचणी करून घ्या. मागचं झाकण उघडलं गेलं की प्रत्येक वेळी करून घ्याच. शंका असेल तर घरीही एक चाचणी होते. घड्याळ हातावर चांगलं कोमट होऊ द्या, काचेवर थंड पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. थेंबाच्या जागी आतून धुक्याचा ठिपका दिसला आणि तो सावकाश विरला, तर आत दमट हवा आहे. अशा वेळी ड्रायर मारू नका, उन्हात ठेवू नका. ओलावा तिथून निघून यंत्रावर दुसरीकडे बसतो. त्याच दिवशी घड्याळजीकडे द्या. खारं पाणी शिरलं असेल तर ‘उद्या बघू’ हे महागात पडतं.

एकाएकी पुढे पळायला लागलं? आधी चुंबक तपासा

काल बरोबर चालणारं घड्याळ आज दिवसाला मिनिटा-दोन मिनिटांनी पुढे जायला लागलं की लोक सर्व्हिसिंगला पळतात. बऱ्याचदा दुखणं चुंबकत्वाचं असतं. आतली हेअरस्प्रिंग केसासारखी बारीक असते. तिचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटले की तिची कामात येणारी लांबी कमी होते, तिच्या जोरावर झुलणारं चाक, बॅलन्स व्हील, भराभर झोके घेतं आणि घड्याळ पुढे पळतं.

चुंबक कुठे असतात? मोबाइलचा स्पीकर, वायरलेस चार्जर, टॅब्लेटचं कव्हर, पर्सचं बटण, लॅपटॉपच्या कडा, इअरफोनची डबी. आयएसओ ७६४ या मानकात घड्याळाने ४,८०० अँपिअर प्रति मीटर एवढं चुंबकीय क्षेत्र सोसणं अपेक्षित आहे, म्हणजे साधारण ६० गॉस. हे छोटे चुंबक अगदी चिकटून असले तर त्याहून कितीतरी जोरदार भरतात. दिलासा एवढाच की अंतर वाढलं की जोर झपाट्याने उतरतो. चार बोटं लांब ठेवलं तरी बहुतेक काम भागतं. म्हणून घड्याळ चार्जरच्या शेजारी नको, वेगळ्या खणात ठेवा.

रोलेक्सने १९५६ मध्ये मिलगॉस काढलं ते चुंबकांच्या सहवासात काम करणाऱ्यांसाठी, १,००० गॉसपर्यंत. आज ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं १५,००० गॉसला तपासली जातात. सिलिकॉनच्या हेअरस्प्रिंगवर चुंबकाचा परिणाम होत नाही. तुमचं घड्याळ या जातीचं असेल तर हा सगळा भाग विसरलात तरी चालेल.

नसेल, तर साधं सुईचं होकायंत्र घ्या आणि घड्याळ त्याच्या जवळून हळू फिरवा. सुई जोरात डोलली तर निदान झालं. उपाय मिनिटाभराचा असतो. छोटं डीमॅग्नेटायझर यंत्र कुठल्याही चांगल्या घड्याळजीकडे असतं, विकतही मिळतं. स्वतः करणार असाल तर एक पथ्य पाळा: बटण दाबून ठेवलेलं असतानाच घड्याळ सावकाश लांब न्या, आणि हातभर लांब गेल्यावरच बटण सोडा. जवळ असतानाच सोडलंत तर होतं त्याहून जास्त चुंबकत्व शिरू शकतं.

सेकंद मोजत बसणं

दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यातले पाच इकडेतिकडे झाले तर चूक ०.००६ टक्के होते. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था ज्या यंत्रांना क्रोनोमीटर म्हणते त्यांनाही सरासरी दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची मुभा आहे. म्हणजे महिन्याला तीन मिनिटं पुढे गेलं तरी ते नियमात बसतं. दर तासाला मोबाइलशी ताडून बघणाऱ्यांनी सरळ क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचं घड्याळ घ्यावं, ते सुखी होतील.

खरी तक्रार आहे का हे बघायचं तर आठवडाभर रोज एकाच वेळी नोंद करा. थोडंसंच पुढे जात असेल तर रात्री ठेवण्याची तऱ्हा बदलून बघा. तबकडी वर, चावी वर, चावी खाली, यांत प्रत्येक यंत्राचा वेग किंचित निराळा असतो. एखाद्या स्थितीत ते रात्रभरात दिवसाची चूक भरून काढू शकतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मागे पडत असेल आणि मध्येच थांबत असेल तर आधी स्वतःच्या दिवसाकडे बघा. टेबलाशी आठ-दहा तास बसून काम करणाऱ्याच्या हाताला हालचाल कमी. हाताच्या हालचालीवर चावी भरून घेणाऱ्या ऑटोमॅटिक घड्याळाला पुरेशी चावी बसत नाही, आणि चावी उतरली की वेगही बिघडतो. हातानेच वीस-तीस वेढे द्या. ‘जास्त चावी दिली तर स्प्रिंग तुटेल’ ही भीती ऑटोमॅटिकच्या बाबतीत फुकाची आहे, कारण मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, भरली की तिचं टोक आतल्या आत घसरतं. हाताने चावी द्यायच्या घड्याळाला मात्र अडकल्यासारखं वाटताक्षणी थांबायचं. पूर्ण चावी देऊनही मागे पडत असेल तर तेलं सुकलेली असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे घरगुती उपाय नाही.

दोन स्वस्त पिना

महागडं घड्याळ हातातून पडून फुटतं किंवा पाण्यात हरवतं ते बहुधा स्प्रिंग बारमुळे. पट्टा केसला अडकवून सगळा भार पेलणाऱ्या या दोन काड्या घड्याळातला सगळ्यात स्वस्त भाग असतात. वाकलेली, गंजलेली, दाबल्यावर टुणकन परत न येणारी काडी लगेच बदला. पट्टा बदलताना नवीनच घाला. बसवल्यावर पट्टा दोन्ही बाजूंनी चांगला ओढून बघा. ब्रेसलेट, म्हणजे धातूच्या कड्यांचा पट्टा, स्क्रूचं असेल तर अधूनमधून नख लावून स्क्रू बाहेर आलेत का तेही पाहा.

ब्रेसलेट फार सैल ठेवलं की घड्याळ मनगटाभोवती फिरतं, प्रत्येक काठावर आपटतं आणि कड्यांमधल्या पिना झिजतात. फार घट्ट केलं तर उकाड्यात हात सुजल्यावर वळ उठतो. क्लॅस्पमध्ये, म्हणजे पट्टा बंद करायच्या कडीत, थोडं सैल-घट्ट करायची सोय त्यासाठीच असते, ती वापरा. कड्यांमधली काळपट घाण म्हणजे घाम, धूळ आणि मेकअपचा लगदा. तोच पॉलिश पेपरसारखा पिना खातो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे.

ओरखडे आणि पॉलिश

काच नीलमणीची असेल तर तिचं काठिण्य मोह्स मापावर ९ असतं. रोजच्या वापरात तिला ओरखडा उठणं कठीण, पण फरशीवर कोपऱ्याने पडली तर ती तडकते. सिरॅमिक बेझलचंही तसंच. आणि पोलादाला ओरखडे पडणारच, आधी क्लॅस्पला, लॅपटॉपच्या काठाने.

दर वर्षी पॉलिश करून घेणं ही मात्र मला सगळ्यात वाईट सवय वाटते. पॉलिश म्हणजे धातू खरवडून काढणं. १९७२ च्या ऑडेमार्स पिगे कंपनीच्या रॉयल ओक घड्याळात डिझायनर जेराल्ड जेन्टाने घासलेले सपाट पृष्ठ आणि चकचकीत तिरपे काठ एकमेकांना भिडवले. ती धारदार रेघ हीच त्या घड्याळाची ओळख. दोन-तीन बेफाम पॉलिशमध्ये ती गोल होते आणि परत आणणं जिकिरीचं. जुन्या घड्याळांच्या बाजारात जाणकार लोक ओरखड्यांची केस चालवून घेतात, घासून गोल झालेल्या केसकडे पाठ फिरवतात.

म्हणून सर्व्हिसिंगला देताना पावतीवर स्पष्ट लिहून घ्या: केस आणि ब्रेसलेट पॉलिश करू नये, बदललेले सगळे जुने भाग परत द्यावेत. तोंडी सांगू नका, कारण पॉलिश बऱ्याच ठिकाणी सर्व्हिसिंगच्या दरात धरलेलं असतं आणि टेबलावरचा कारागीर तुम्हाला भेटलेला नसतो. सीरियल नंबर आणि चारही बाजूंचे फोटो देण्याआधी काढून ठेवा. विम्यालाही तेच लागतात. परत घेताना खिडकीपाशी जाऊन काठ बघा, चावी स्वतः सोडून परत आवळून बघा आणि दाब-चाचणीचा कागद मागा.