वीस रुपयांत दिल्लीचा बँड

आर्वीकडच्या आमच्या गावात माझं आठ जणांचं बँड पथक आहे. क्लॅरनेट मी वाजवतो, म्हणून लोक मास्तर म्हणतात. दिल्लीला मिलिटरी टॅटू पाहायला जातो म्हटलं तर माय म्हणाली, "काहून रे, गोंदून घ्याले एवढ्या दूर जातं का?" तर आधी हेच सांगतो. हा टॅटू गोंदणाचा नाही. सतराव्या शतकात डच गावांत संध्याकाळी सैन्याचे ढोलवाले फिरायचे आणि गुत्तेवाल्यांना पिंपाची तोटी बंद करायला सांगायचे, म्हणजे शिपाई छावणीत परततील. त्या हुकमाच्या डच शब्दांवरून टॅटू आला. पुढे त्याचा बँड, कवायत आणि रोषणाईचा जाहीर कार्यक्रम झाला. आपल्याकडं या जातीचा गाजलेला कार्यक्रम म्हणजे दिल्लीच्या विजय चौकातला बीटिंग रिट्रीट, २९ जानेवारीचा. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा तो समारोप.

माझा सल्ला मात्र २९चा नाही, २८चा. त्या दिवशी पूर्ण पोशाखातली रंगीत तालीम असते. बँड तेच, धुना त्याच. तालमीचं तिकीट २० रुपये, मुख्य दिवसाचं १००. फरक पैशापेक्षा गर्दीचा आणि बंदोबस्ताचा जास्त आहे. राष्ट्रपती पाहायचे असतील तर २९ला जा. बँड ऐकायचा असेल तर २८ पुरे.

पहिलं काम रेल्वेचं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी, ऐन कापूस वेचणीत. तेव्हाच तिकीट काढून टाका. आम्ही २६ला पोरीच्या शाळेतलं झेंडावंदन करून सेवाग्रामहून गाडी धरली. जातानाची गाडी उशिरा पोचू शकते, कारण आग्र्यापुढं जानेवारीत धुकं असतं. म्हणून मध्ये २७ मोकळी ठेवा. २८लाच पोचून त्याच संध्याकाळी कार्यक्रम गाठायचा हिशेब करू नका.

कार्यक्रमाचं तिकीट मात्र जानेवारीतच निघतं, तेही थोडे दिवस. संरक्षण मंत्रालयाच्या 'आमंत्रण' या संकेतस्थळावर ते मिळतं. मी बाजाराच्या गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडं काढलं. ओटीपी माझ्या फोनवर येणार, आणि फोन बायकोकडं वावरात. पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी फोन खिशात ठेवून सकाळीच जाऊन बसलो, तेव्हा चार तिकिटं मिळाली. जे ओळखपत्र तिकिटावर लावाल तेच अस्सल घेऊन जा. झेरॉक्सवर आत सोडतील या भरवशावर राहू नका. ऑनलाइन हुकलं तर दिल्लीत खिडक्याही असतात, पण घरची सगळी मंडळी घेऊन त्या आशेवर मी तरी निघणार नाही.

आता पिशव्या. पिशवी, डबा, लायटर, विडी, पॉवर बँक यांतलं काही नेऊ नका. नेलं तर फाटकावर अडकाल. आमच्या मायच्या कमरेला खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी होती. तपासणीवाल्या बाईनं ती काढली, वास घेतला आणि बाजूला ठेवली. माय पुढचे तीन तास माझ्याशी बोलली नाही. तर खर्रा मुक्कामीच ठेवा, आणि म्हाताऱ्या माणसाला हे आदल्या रात्री सांगा, फाटकावर नाही.

पोटाची सोय आधी करा. आम्ही सकाळी कॅनॉट प्लेसजवळच्या बंगला साहिब गुरुद्वारात लंगर जेवलो. पोरीनं तिथं पोळ्या लाटायला हात लावला. विजय चौकाजवळची मेट्रो स्टेशनं दुपारी बंद असू शकतात. पटेल चौकला उतरून पायी जा. तीनलाच पोचा. बसायला उघडं आकाश असतं आणि ऊन उतरलं की हिव झोंबतं. दोन स्वेटर, कानटोपी, पायात मोजे. मायनं लुगड्याखाली माझी जुनी फुलपँट घातली होती, ते सगळ्यात शहाणपणाचं ठरलं.

आता ऐकायचं काय, ते सांगतो, कारण बाकी कोणी सांगत नाही. लष्कर, नौदल, वायुदल आणि निमलष्करी दलांचे बँड राष्ट्रपती भवनाच्या रायसीना टेकडीवरून खाली उतरतात. पोरं टेकडीवर उभ्या उंटांकडं पाहतात, पाहू द्या. तुम्ही ढोलाकडं कान लावा. शंभरावर माणसं चालतात, वळतात, एकमेकांच्या रांगांतून आरपार जातात, तरी ठेका धावत नाही. आमच्याकडं वरात पानठेल्यापाशी वळली की माझा साईड ड्रमवाला पुढं पळतो, हे मी वीस वर्षं सोसतोय. मग फक्त ढोलांचा तुकडा येतो, ड्रमर्स कॉल. तेव्हा मोबाइल खाली ठेवा, काठ्यांची उंची पाहा, सगळ्यांची एकच. शेवटी बिगूल वाजतो, झेंडे उतरतात, आणि 'सारे जहाँ से अच्छा' वाजवत बँड टेकडीकडं परत चढतात. सूर दूर जात बारीक होतो. तो बारीक होणारा सूर टीव्हीवर ऐकूच येत नाही. त्याच्यासाठीच तिथं बसायचं. नंतर टेकडीवरच्या इमारतींवर दिवे लागतात. बाहेर पडायची घाई करू नका, गर्दी ओसरू द्या. पोरीचा हात मात्र सोडू नका.

२९ला परतीच्या गाडीत आम्ही मुख्य कार्यक्रम फोनवर पाहिला, जिथं रेंज मिळाली तिथं. त्यात शेवटी बँडमास्टर राष्ट्रपतींसमोर जाऊन बँड परत न्यायची परवानगी मागतो. बायको म्हणाली, "पाहा जी, याले परवानगी भेटते. तुम्हाले नवरदेवाचा मामा अजून एक गाणं वाजवाले लावते."

पोरगी वरच्या बर्थवरून म्हणाली, "अन् पैसे बी देत नाही."